ऋतुभंग आणि भारतीय कादंबरी

१

भारतीय वाङ्मयात ऋतूंना जे स्थान आहे ते केवळ वर्णनविषयाचे स्थान नाही. कालिदासाच्या ‘ऋतुसंहारा’पासून उत्तरेकडील लोकभाषांतल्या बारमासापर्यंत जी दीर्घ परंपरा दिसते, तिच्या मुळाशी एक श्रद्धा आहे : गेलेला ऋतू परत येतो. बारमासातील विरहिणी आषाढात व्याकूळ होते ती आषाढ ठरल्या वेळी आला म्हणून. ऋतूचे परतणे निश्चित असते, आणि त्या निश्चितीच्या पार्श्वभूमीवरच प्रियकराचे न परतणे असह्य होते. निसर्गाच्या नियमिततेवर मानवी भावनेची अनियमितता उठून दिसावी, अशी ही रचना आहे.

कादंबरी हा वाङ्मयप्रकार आपल्याकडे पश्चिमेकडून आला आणि त्याबरोबर एका दिशेने पुढे जाणारा काळही आला. तथापि भारतीय भाषांतील कादंबरी खेड्याकडे, नदीकाठाकडे आणि समुद्रकिनाऱ्याकडे वळली, तेव्हा या पुढे जाणाऱ्या काळाखाली तिने ऋतुचक्राचा जुना काळ पुन्हा अंथरला. प्रादेशिक कादंबरी म्हणून जिला गौरविले जाते तिचे बळ पुष्कळ अंशी या दोन काळांच्या ताणात आहे. माणसे जन्मतात, भांडतात, मरतात. पेरणी आणि सुगी मात्र येत राहतात. हे येत राहणे कादंबरीत सहसा सांगितले जात नाही, कारण ते गृहीतच असते.

आज संशयास्पद झाले आहे ते नेमके हे गृहीत. औद्योगिक युगापूर्वी हवेच्या दर दहा लक्ष भागांत कार्बन डाय-ऑक्साइडचे सुमारे २८० भाग होते. आज ते ४२०हून अधिक आहेत. पृथ्वीचे सरासरी तापमान १८५०–१९०० या काळाच्या तुलनेत सुमारे १.१ अंशाने वाढल्याचा निर्वाळा हवामानबदलविषयक आंतरशासकीय मंडळाने २०२१ साली दिला, आणि २०२४ हे वर्ष दीड अंशाची मर्यादा ओलांडणारे पहिले वर्ष ठरले. भारत शासनाच्या भूविज्ञान मंत्रालयाने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात देशाचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढले आणि १९५१ ते २०१५ या काळात नैर्ऋत्य मोसमी पाऊस सुमारे ६ टक्क्यांनी घटला. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील संशोधकांच्या पुढाकाराने २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की, १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. एकूण पाऊस कमी आणि अतिवृष्टी अधिक, असे हे वरवर विसंगत दिसणारे चित्र आहे. उष्ण हवा बाष्प अधिक काळ धरून ठेवते आणि सोडते तेव्हा एकदम सोडते, हे त्याचे स्थूल कारण होय.

ही आकडेवारी वाङ्मयसमीक्षेत अप्रस्तुत वाटण्याचा संभव आहे. परंतु तीतून उद्भवणारा प्रश्न वाङ्मयाचाच आहे. ज्या गृहीतावर कादंबरीतील माणसांचे सुखदुःख उभे होते ते गृहीतच ढळू लागले, तर कादंबरीच्या रचनेचे काय होते?

२

हा प्रश्न अलीकडच्या काळात सर्वांत आग्रहाने अमिताव घोष यांनी मांडला. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द ग्रेट डिरेंजमेंट’ या ग्रंथातील त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, आधुनिक कादंबरी संभाव्यतेच्या कल्पनेवर उभी आहे. रोजचे, सामान्य, अपेक्षित असे जीवन तिने पुढे आणले आणि अद्भुत, आकस्मिक व प्रचंड असे जे काही होते ते मागे ढकलले. १९७८ सालच्या मार्च महिन्यात दिल्लीत झालेल्या चक्रवाताच्या तडाख्यात ते स्वतः सापडले होते. पण ही घटना आपल्या कादंबरीत आणणे त्यांना कधीच साधले नाही, कारण कादंबरीत ती असंभाव्य वाटली असती. हवामानबदलाचे युग हे अशाच असंभाव्य घटनांचे युग असल्यामुळे गंभीर कादंबरी त्याला सामोरी जाऊ शकलेली नाही आणि तो विषय विज्ञानकथेकडे सोपवून ती मोकळी झाली आहे, असा त्यांचा आरोप आहे.

या आरोपाला भारतीय भाषांच्या बाजूने एक उत्तर सहज देता येते, आणि ते अनेकदा दिलेही जाते. आपल्या कादंबरीने पूर, दुष्काळ, वादळ यांना कधी मागे ढकलले? फणीश्वरनाथ रेणूंच्या ‘परती : परिकथा’मध्ये (१९५७) कोसी नदीने उजाड केलेली जमीन ही जवळजवळ एक पात्रच आहे. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) दुष्काळातच संपते. तकळी शिवशंकर पिळ्ळै यांच्या ‘चेम्मीन’मधून (१९५६) समुद्र वजा केला तर काहीच उरत नाही. अद्वैत मल्लवर्मन यांच्या ‘तितास एकटि नदीर नाम’चे (१९५६) तर नावच नदीचे आहे. मध्यमवर्गीय दिवाणखान्यात निसर्गाचा विसर पडला असेल. भारतीय भाषांतील कादंबरी त्या दिवाणखान्यात फारशी रमलेलीच नाही.

हे उत्तर खरे आहे, परंतु अर्धेच. आपत्तीचे चित्रण आणि परिवर्तनाचे चित्रण या दोन भिन्न गोष्टी आहेत. आपत्ती येते आणि जाते. तिला आदि असतो, अंत असतो, आणि ती ओसरल्यावर माणूस पूर्वस्थितीकडे वळू शकतो. परिवर्तनात परतण्यासाठी पूर्वस्थितीच उरत नाही. आपल्या थोर कादंबऱ्यांतील पूर आणि दुष्काळ बहुतांशी पहिल्या प्रकारचे आहेत. तेव्हा या कादंबऱ्यांत निसर्ग आहे की नाही, हे पाहून भागणार नाही. निसर्गाविषयीची कोणती समजूत त्यांच्या रचनेत मुरलेली आहे, आणि त्या समजुतीचा कोणता भाग आजही टिकतो, हे पाहणे अधिक उपयुक्त ठरेल.

३

‘बनगरवाडी’चा शेवट या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. औंध संस्थानातील धनगरांच्या वाडीवर राजाराम हा तरुण मास्तर येतो, हळूहळू तिचा होतो, लोकांना एकत्र आणून तालीम उभी करतो. आणि मग पाऊस दगा देतो, मेंढरे मरू लागतात, वाडी ओस पडते. माडगूळकरांनी हा दुष्काळ कोणाच्याही माथी मारलेला नाही. तो राजाचा दोष नाही, धनगरांचा नाही, देवाचाही नाही. त्याचे वर्णन करताना लेखकाचा स्वर किंचितही चढत नाही. माणदेश हा पर्जन्यछायेतील मुलूख. तेथे असे होत असते आणि लोक जगायला बाहेर पडत असतात, एवढेच भान त्या संयत निवेदनातून जाणवते. या निष्कारणतेमुळेच कादंबरीचे कारुण्य निर्मळ राहिले आहे. दोष द्यायला कोणी नाही, म्हणून फक्त दुःख उरते.

आजच्या दुष्काळाकडे पाहताना लेखकाला ही निर्मळता लाभणे कठीण आहे. कोणता एक दुष्काळ तापमानवाढीमुळे पडला आणि कोणता नेहमीच्या चढउताराचा भाग होता, हे छातीठोकपणे सांगणे शास्त्रज्ञांनाही नेहमीच शक्य होत नाही. तथापि दुष्काळाच्या शक्यतेत माणसाचा हात आहे, हे ज्ञान आता परत घेता येत नाही. २०१६ साली लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी पुरवावे लागले, आणि त्याच वर्षाच्या पावसाळ्याअखेरीस मराठवाड्यात पूर आले. रेणूंनी १९६६चा बिहारमधील दुष्काळ आणि १९७५चा पाटण्याचा पूर यांवर जे वृत्तान्त लिहिले, त्यांच्या संग्रहाला ‘ऋणजल धनजल’ असे मार्मिक नाव आहे. त्यांच्या हिशेबात ऋण आणि धन यांच्यामध्ये नऊ वर्षांचे अंतर होते. आता ही दोन्ही चिन्हे एकाच वर्षाच्या खात्यावर पडू लागली आहेत. अशा वर्षाविषयी लिहिणाऱ्याला ‘असे होतच असते’ हा माडगूळकरांचा स्वर घेता येणार नाही. घेतलाच, तर तो संयम न राहता अज्ञान ठरेल.

४

ज्या कलाकृतींत निसर्गाचा कोप निष्कारण नसून एखाद्या नैतिक चुकीशी जोडलेला आहे, त्यांची अडचण निराळी आहे. ‘चेम्मीन’मधील कोळ्यांची श्रद्धा अशी की, समुद्रावर गेलेल्या पुरुषाचे प्राण किनाऱ्यावरील त्याच्या पत्नीच्या शीलाच्या हाती असतात. करुत्तम्मा आणि परीकुट्टी यांची पुन्हा भेट होते त्याच रात्री पळनी भर समुद्रात शार्कमागे जाऊन भोवऱ्यात सापडतो. लेखक ही श्रद्धा स्वतःची म्हणून पुढे करीत नाही. किंबहुना चेंबनकुंजूचा लोभ आणि परीकुट्टीचे बुडालेले पैसे यांतून तो एक ऐहिक कारणपरंपराही उभी करतो. परंतु कोणतीही परंपरा घेतली तरी एक गोष्ट कायम राहते : चूक आणि शिक्षा एकाच किनाऱ्यावर, एकाच कुटुंबात, एकाच पिढीत घडतात. शोकात्मिकेला लागणारी ही जवळीक तकळींनी विलक्षण सामर्थ्याने राखली आहे.

सुंदरबनातील बनबीबीची कथा याच जातीची आहे. एकोणिसाव्या शतकात पद्यबद्ध झालेला ‘बनबीबीर जहुरानामा’ बंगालीत आहे. पण त्याची पाने अरबी ग्रंथाप्रमाणे उजवीकडून उलटावी लागतात, आणि हिंदू व मुसलमान दोघेही त्यातील देवतेला भजतात. मधाच्या लोभाने धोना आपल्या आश्रयाला असलेल्या दुखेला दक्षिणरायाच्या, म्हणजे वाघाचे रूप घेणाऱ्या वनस्वामीच्या, हवाली करतो. बनबीबी त्याला सोडविते आणि माणूस व अरण्य यांच्यामध्ये मर्यादा घालून देते. गरजेपुरते घ्यावे, लोभ करू नये, एवढाच या कथेचा बोध. जंगलात शिरणाऱ्या मधाड्यांच्या व कोळ्यांच्या आचरणात तो आजही आहे.

आता याच प्रदेशाची सद्यःस्थिती पाहावी. भारत आणि बांगलादेश मिळून सुमारे दहा हजार चौरस किलोमीटरचे हे खारफुटीचे अरण्य. भारताच्या वाट्याला आलेल्या १०२ बेटांपैकी ५४ बेटांवर वस्ती आहे, आणि २०११च्या जनगणनेनुसार या प्रदेशाची लोकसंख्या चव्वेचाळीस लाखांच्या आसपास होती. बेटांची जमीन अनेक ठिकाणी भरतीच्या पातळीच्या खाली असल्यामुळे सुमारे साडेतीन हजार किलोमीटरचे मातीचे बांध हीच तिची संरक्षक भिंत. समुद्राची पातळी वाढत आहे, नद्यांतून येणारा गाळ कमी झाला आहे, त्रिभुज प्रदेश आपल्याच भाराने खचत आहे. ही तिन्ही कारणे एकत्र काम करतात. लोहाचरा हे वस्तीचे बेट पाण्याखाली गेले. घोडामाराचा सुमारे निम्मा भूभाग गेल्या काही दशकांत नाहीसा झाला आणि तेथील कुटुंबे सागर बेटावर आली. २००९ साली आयला, २०१९ साली बुलबुल, २०२० साली अम्फान, २०२१ साली यास अशी चक्रीवादळे ओळीने आली.

या लोकांनी बनबीबीची मर्यादा ओलांडली होती काय? घोडामाऱ्याच्या शेतकऱ्याच्या आयुष्यभराच्या धुरापेक्षा एखाद्या दूरच्या महानगरातील श्रीमंताच्या एका वर्षाचा धूर अधिक असतो. येथे धोना एका खंडात आणि दुखे दुसऱ्या खंडात आहे. इतकेच नव्हे, तर धोना आजोबांच्या पिढीतला आणि दुखे नातवाच्या पिढीतला असू शकतो. दोघांची गाठ पडणारा प्रसंगच नाही. अपराध आणि शिक्षा यांची अशी फारकत झाली, की लोककथेची नैतिक रचना आणि शोकात्मिकेची नाट्यरचना दोन्ही एकदम लुळ्या पडतात. अमिताव घोष यांनी संभाव्यतेचा प्रश्न उपस्थित केला. त्याहून खोल असा हा न्यायाचा प्रश्न आहे. असंभाव्य घटना कादंबरीत आणण्याच्या युक्त्या कथनकलेला पूर्वीपासून ठाऊक आहेत. ज्या दुःखाचा कर्ता कथेच्या कक्षेतच येत नाही, ते दुःख केवळ दैवगती न वाटू देता कसे सांगावे, हे मात्र तिने अजून शिकावयाचे आहे.

५

घोष यांच्या स्वतःच्या कादंबऱ्यांची कसोटी येथेच लागते. ‘द हंग्री टाइड’ (२००४) ही सुंदरबनावरील त्यांची कादंबरी त्यांच्या सिद्धान्ताआधी लिहिली गेली आणि त्या सिद्धान्ताहून ती अधिक समृद्ध आहे. इरावती डॉल्फिनचा अभ्यास करणारी पिया, दिल्लीत अनुवादाचा व्यवसाय करणारा कनाई आणि निरक्षर कोळी फोकीर या तिघांमध्ये भाषेची जी दरी आहे तिच्यावर ही कादंबरी तोलली आहे. पिया आणि फोकीर यांना एकमेकांची भाषा येत नाही, तरी पाण्यावर त्यांचे जमते. कनाईला सहा भाषा येतात, पण चिखलात त्याचे सारे ज्ञान निरुपयोगी ठरते. १९७९ साली मरिचझांपी बेटावरून दंडकारण्यातल्या निर्वासितांना हुसकावण्यात आले, तो इतिहास निर्मलच्या वहीतून पुढे येतो आणि वाघांसाठी राखलेल्या भूमीवर गरीब माणसाचा हक्क कोणता, हा प्रश्न कादंबरी सोपा करून टाकीत नाही. हे तिचे मोठे यश आहे.

तिचा शेवट मात्र वादळात होतो. झाडाला बांधून घेतलेल्या पियाला आपल्या शरीराने झाकून फोकीर मरतो. प्रसंग प्रभावी आहे, यात शंका नाही. परंतु वादळ हे पुन्हा आपत्तीचेच रूप आहे. ते कथेला कळस देते आणि शांतही होते. वादळ गेल्यावर जे उरते ते कादंबरीच्या बाहेर राहिले आहे. आयलाच्या वेळी शेकडो किलोमीटर बांध फुटले, खारे पाणी शेतांत शिरले, आणि ते ओसरल्यानंतरही कित्येक हंगाम भाताचे पीक नीट येईना. तळ्यांतील गोड्या पाण्याचे मासे मेले. तरुण मुले केरळ, तमिळनाडू आदी दूरच्या प्रांतांत बांधकामावर गेली. मागे म्हातारी माणसे, बायका आणि दर पावसाळ्याला पुन्हा बांधावयाचा बांध राहिला. या जीवनात कळस नाही आणि शेवटही नाही. फोकीर वादळात मेला नसता, तर त्याला कोची शहराच्या एखाद्या इमारतीवर विटा वाहाव्या लागल्या असत्या. आणि ती कादंबरी लिहिणे पुष्कळ अवघड झाले असते.

‘गन आयलंड’मध्ये (२०१९) घोष यांनी ही अवघड कादंबरी लिहिण्याचा प्रयत्न केला. तीत सुंदरबनातील तरुण घर सोडून युरोपच्या वाटेला लागतात, दुर्मीळ ग्रंथांचा व्यापारी दीन त्यांच्या मागोमाग व्हेनिसला पोहोचतो, आणि मनसादेवीच्या जुन्या कथेचे धागे योगायोगांनी एकत्र येतात. संभाव्यतेचे बंधन येथे हेतुपुरस्सर तोडलेले आहे. तरीही कादंबरी पूर्ण समाधान देत नाही. साप, कोळी, वणवे आणि वादळे एकामागून एक येत राहतात ती लेखकाच्या प्रतिपादनाला दुजोरा देण्यासाठी, असे वाटू लागते. टिपू आणि रफी यांच्या प्रवासातील भूक, भीती आणि लाज यांपेक्षा त्या प्रवासाचा अर्थ अधिक जागा व्यापतो. सिद्धान्त कादंबरीच्या आधी तयार झाला की पात्रांना साक्षीदाराचे काम करावे लागते, ही जुनी गोष्ट येथे नव्याने सिद्ध होते. ‘जंगलनामा’त (२०२१) बनबीबीची कथा पद्यात सांगताना घोष यांनी कादंबरीचा आग्रहच सोडला, हे अर्थपूर्ण आहे, परंतु धोना आणि दुखे यांच्यामधील वर सांगितलेले अंतर तेथेही भरून निघालेले नाही.

६

मग वाट कोणती? तिचा एक पुरावा सत्तर वर्षांपूर्वीच्या एका कादंबरीत मिळतो. ‘तितास एकटि नदीर नाम’ या कादंबरीचे लेखक अद्वैत मल्लवर्मन स्वतः मालो या कोळी समाजातले. १९५१ साली ते वारले आणि कादंबरी त्यांच्या पश्चात ग्रंथरूपाने आली. तितास नदी हळूहळू गाळाने भरते, तिच्या पात्रात चर उगवतो, मासे जातात, मालोंची वस्ती मोडते. या कादंबरीत हवामानबदल अर्थातच नाही. नदीने पात्र बदलणे, गाळाने भरणे ही बंगालच्या भूगोलातली जुनीच गोष्ट आहे. परंतु मंद गतीने होणारा, परत न फिरणारा नाश कादंबरीत कसा आणावा, याचा वस्तुपाठ तीत आहे.

मल्लवर्मनांनी नदीच्या आटण्याला कळसाचे रूप दिलेले नाही. नदी आटण्यापूर्वी पुष्कळ गोष्टी आटतात. मालोंची गाणी जात्रेच्या नव्या तमाशापुढे मागे पडतात, त्यांची एकी मोडते, सावकाराचा पाश आवळतो. आणि पाणी हटून चर वर येतो तेव्हा ती जमीन बळकावण्याचे सामर्थ्य मालोंपाशी राहिलेले नसते. निसर्गाचा ऱ्हास आणि समाजाचा ऱ्हास एकमेकांत इतके मिसळलेले आहेत की कोणता आधी सुरू झाला, हे सांगता येऊ नये. नाश वाटून दिलेला आहे : थोडा जाळ्यांत, थोडा व्रतांत, थोडा गाण्यांत, थोडा बासंतीच्या एकटेपणात. वाचकाला एकही पान असे सापडत नाही की जेथे ‘येथे तितास मेली’ असे म्हणता येईल. आणि तरीही शेवटी ती नसते. हवामानबदल प्रत्यक्षात असाच अनुभवास येतो.

मराठीत अशा रचनेला लागणारी सामग्री भाषेतच पडून आहे. शेतकऱ्याचा पावसाळा नक्षत्रांनी मोजलेला असतो. मृगाची पेरणी, पुनर्वसूचा तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा पाऊस, आश्लेषाच्या आसळका, हस्ताचा हत्ती : ही नुसती नावे नाहीत. प्रत्येक नावात पावसाचा स्वभाव, पिकाची अवस्था आणि माणसाची अपेक्षा एकत्र साठविलेली आहे. मृग कोरडा जाऊन पेरण्या लांबतात, दुबार पेरणीची वेळ येते, कापणीला आलेले सोयाबीन परतीच्या अतिवृष्टीत काळे पडते, तेव्हा हे शब्द कोशात तसेच राहतात, परंतु त्यांच्या आतला व्यवहार गळून जातो. आजोबाचा ‘तरणा पाऊस’ नातवाला निव्वळ म्हण म्हणून मिळतो. भाषेतील ही झीज टिपणे हे कादंबरीकाराचे खास काम आहे, कारण पर्जन्यमापकात ती येत नाही.

अनुवादकाला याचे भान आणखी एका कारणाने ठेवावे लागेल. मराठीतला ‘मृग’ इंग्रजीत नेताना आजवर अडचण होती ती एका संस्कृतीतील अर्थ दुसरीत नेण्याची. तळटीप देऊन किंवा ‘पहिला पाऊस’ म्हणून ती निभावता येत असे. आता मूळ भाषेतच शब्द आणि पाऊस यांची जोडी फुटू लागली आहे. ‘पहिला पाऊस’ हा अनुवाद जेथे मृग कोरडा गेला तेथे चुकीचा ठरतो. ‘बनगरवाडी’ एका नव्या भाषेत आज जाईल, तर तीतील पाऊस न येणे हे नेहमीची वाट चुकल्याचे दुःख आहे, आजच्या अर्थाने वाटच नाहीशी झाल्याचे नाही, हा फरक अनुवादकाने सांभाळावयास हवा. जुन्या कलाकृतींवर नवे भय लादणे हाही एक प्रकारचा अपअनुवादच होय.

७

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. हवामानबदल हे स्पष्टीकरण इतके व्यापक आहे की त्यात सर्व काही मावते आणि म्हणून सर्व काही लपतेही. २००८ सालच्या ऑगस्टमध्ये नेपाळमधील कुसहा येथे कोसीचा बांध फुटून नदी जुन्या पात्राकडे वळली आणि बिहारमधील लाखो लोक निर्वासित झाले. त्या वेळी नदीतील प्रवाह बांधाच्या क्षमतेपेक्षा पुष्कळ कमी होता. तो पूर आभाळाने आणला नव्हता. निगराणीच्या अभावाने आणला होता. ‘परती : परिकथा’त ज्या कोसी-योजनेकडे रेणूंची पात्रे आशेने पाहतात तिची ही दुसरी बाजू आहे.

सदानंद देशमुख यांची ‘बारोमास’ (२००२) या संदर्भात पुन्हा वाचण्यासारखी आहे. जुन्या बारमासात बारा महिन्यांचे बारा निरनिराळे भाव असतात. येथे बाराही महिने एकच ओढाताण आहे. परंपरेतील एक शब्द असा उलटा फिरविणे ही मोठी वाङ्मयीन जाण होय. विदर्भातील शिकलेला, नोकरी न मिळालेला एकनाथ शेतीत अडकतो आणि त्याचे घर आतून फुटत जाते. पाऊस येथे शत्रूंपैकी एक आहे. एकटा शत्रू नाही. बाजारभाव, कर्ज, नोकरीसाठी मागितले जाणारे पैसे, घरातील अपेक्षा हे सारे त्याच्या बरोबरीने उभे आहेत. ही कादंबरी उद्या कोणी ‘हवामानबदलाची कादंबरी’ म्हणून मिरवू लागला, तर तिच्यावर अन्याय होईल. तिचे मोल या कारणांच्या गुंतागुंतीत आहे. सरकार, सावकार आणि बाजार यांना आभाळाच्या आड दडू न देणे, हे जितके राजकीय कर्तव्य तितकेच वाङ्मयीनही आहे. कारण ज्या कादंबरीत आभाळच सर्व दोष घेते ती पुन्हा दैवाची कादंबरी होते, मग तिने शास्त्राची भाषा कितीही वापरो.

८

समीक्षेने यापुढे अशा लेखनाकडे कोणत्या दृष्टीने पाहावे, याचे काही निकष या विवेचनातून हाती येतात. विषय म्हणून हवामानबदल आला आहे की नाही, हा निकष सर्वांत दुबळा. वादळांची संख्या वाढविल्याने कादंबरी समकालीन होत नाही. परत न फिरणारा काळ तिच्या रचनेत उतरला आहे काय. दूरच्या अपराधाची जाणीव जवळच्या दुःखात, भाषणबाजीवाचून, मिसळली आहे काय. आणि लोकांच्या बोलीत जे शब्द पोकळ होत आहेत त्यांचा आवाज तिला ऐकू आला आहे काय, हे पाहणे महत्त्वाचे आहे. या कसोट्यांवर मल्लवर्मनांची जुनी कादंबरी कित्येक नव्या कादंबऱ्यांपेक्षा आधुनिक ठरते.

यापुढचा प्रश्न लेखकाच्या कक्षेबाहेरचा आहे, पण अकादमी, विद्यापीठे आणि प्रकाशक यांच्या कक्षेत तो निश्चित येतो. मालोंना त्यांच्यातलाच लेखक लाभला, म्हणून तितास आटल्यानंतरही तिची बोली, तिची गाणी आणि तिच्या काठची भांडणे वाचता येतात. घोडामाऱ्याहून सागर बेटावर आलेल्या, मराठवाड्यातून ऊसतोडीसाठी बाहेर पडणाऱ्या, ओडिशाच्या खचत्या किनाऱ्यावरून उठलेल्या कुटुंबांतली पहिली शिकलेली पिढी आज शाळा-महाविद्यालयांत आहे. तिच्या हाती वही येईल की नाही आणि तिने लिहिलेले दुसऱ्या भारतीय भाषेत जाईल की नाही, यावर पुष्कळ अवलंबून आहे. बंगालीतून मराठीत, मराठीतून ओडियात, मल्याळममधून बंगालीत असे थेट अनुवाद झाले, तर खाऱ्या पाण्याने शेत गमावलेला आणि कोरड्या मृगाने बियाणे गमावलेला हे दोन वाचक एकमेकांना इंग्रजीच्या मध्यस्थीवाचून ओळखू शकतील. लोहाचरा बेट पाण्याखाली गेले तेव्हा तेथील माणसे अन्यत्र हलली. त्या बेटावरची बोलण्याची रीत, भरतीला आणि वाऱ्यांना दिलेली नावे कोणी लिहून ठेवली होती काय, एवढा तपास तरी आज हाती घ्यावयास हवा.